बाळाचा पाळणा, झोळी आणि बॅटरीवरचा झोका : घरात कुठे नि कसा लावावा? (नाशिक)

मृण्मयी_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. लेक दीड महिन्याची आहे. बाळंतपण माहेरी नाशिकरोडला झालं, आता पुढच्या आठवड्यात पाथर्डी फाट्याला आमच्या घरी जायचंय. तिथे दोन झोके तिची वाट बघतायत, आणि त्या दोन्हींवरून घरात चर्चा चालू आहे.

एक म्हणजे सासरच्या जुन्या वाड्यातला सागवानी पाळणा. पितळी साखळ्या, कोरीव कठडा, वर हिरवा-लाल ऑइलपेंट. घरातल्या तीन पिढ्या त्यात वाढल्या, त्यामुळे सासूबाईंचा जीव त्यात आहे आणि मलाही तो मनापासून हवाय. दुसरा म्हणजे दिरांनी अमेरिकेहून आणलेला बॅटरीचा झोका, त्यांच्या मुलाने वापरलेला. बटण दाबलं की आपोआप हलतो, गाणीही लागतात.

आमच्या हॉलला पीओपीचं सीलिंग आहे. बेडरूमला नुसता स्लॅब, मध्ये पंख्याची कडी. मला विचारायचंय ते हे : पाळणा नक्की कशाला टांगायचा? रात्रभर बाळाला त्यात झोपवलं तर चालतं का? बॅटरीच्या झोक्यात किती वेळ ठेवायचं? सध्या माहेरी आईने झोळी बांधलीय आणि दुपारची झोप तिला झोळीशिवाय लागतच नाही. नीट माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सातपूरकर

ताई, मी फॅब्रिकेशनची कामं घेतो, झोपाळे आणि पाळणे बरेच बसवले आहेत. टांगण्यापुरतं मी सांगतो, बाळाचं जाणकार सांगतील.

पीओपीला काहीही टांगायचं नाही. ते आणि त्यामागची पत्र्याची चौकट स्वतःचं वजन कसंबसं पेलतात. हॉलमध्येच हवा असेल तर तेवढ्या जागी सीलिंग कापून वरच्या स्लॅबपर्यंत जावं लागेल.

पंख्याची कडीही नको. स्लॅब भरताना ती सळईत अडकवलेली असते, त्यामुळे पंख्याचं सरळ खाली येणारं वजन ती घेते. पाळण्याचं वजन नुसतं खाली येत नाही, ते पुढे-मागे ओढतं. साधा हिशेब सांगतो. पाळणा उभ्या रेषेपासून ३० अंश वर नेऊन सोडला तर खालून जाताना कडीवर ताण वजनाच्या सव्वापटीहून जास्त येतो, आणि ६० अंशांवरून सोडला तर बरोबर दुप्पट. सागवानी पाळणा आधीच जड. त्यात कधीतरी भाचा लटकणार, कुणीतरी कठड्यावर हात टेकून वाकणार. शिवाय पंखा चालू असताना त्याच्याखाली बाळ उचलणं-ठेवणं नकोच.

मी काय करतो ते सांगतो. जाड लोखंडी प्लेट, तिला मधोमध वेल्ड केलेली बंद कडी, आणि प्लेट चार बोल्टनी स्लॅबला. बीम मिळाला तर बीमलाच. भोक पाडण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा, कारण वायरिंगचे पाइप स्लॅबमधूनच गेलेले असतात. भोक प्लास्टरच्या आत, खऱ्या काँक्रीटमध्ये गेलं पाहिजे. ड्रिल मारताना पांढरी-करडी भुकटी येत राहिली आणि बिट भसकन आत गेलं तर ते काँक्रीट नाही, ती जागा सोडा. एकच अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट, ठोकून त्याला हूक, असं करून देणारे भेटतात. रोजच्या हलण्याने एकटा अँकर हळूहळू ढिला होतो आणि खालून दिसत नाही.

कडी आणि साखळी जोडायला उघडा हूक वापरू नका. पाळणा जोरात हलला की साखळी त्यातून उसळून बाहेर येते. पिन फिरवून बंद होणारं डी-शॅकल घ्या आणि पिन बारीक तारेने बांधून टाका, म्हणजे हलून हलून उलटी फिरणार नाही.

पितळी साखळीचा एकेक दुवा हातात घेऊन बघा. दुवे एकमेकांवर घासतात तिथेच झिजतात, बाकी दुवा नवाकोरा दिसतो. झीज दिसली तर शोभेला पितळी राहू दे, पण भार नव्या स्टीलच्या साखळीवर घ्या. चारही बाजू सारख्या लांबीच्या हव्यात. पाळणा एका अंगाला झुकला तर बाळ घरंगळून त्याच बाजूला नाक टेकवून पडतं.

आणि बाळाच्या आधी सिमेंटची गोणी. ५० किलोची भरलेली गोणी टांगा, झोके द्या, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी प्लेटभोवती केसाएवढी जरी चीर दिसली तरी काम पुन्हा करून घ्या. कारागीर "कशाला ताई, हत्ती बांधा" म्हणेल. त्याला चहा द्या, पण गोणी टांगायला लावा.

परिचारिका_नाशिक

नवजात शिशु विभागात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबेल. मृण्मयी, तुझ्या तीन प्रश्नांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न झोपेचा आहे.

झोका कोणताही असो, तो जागं बाळ रमवण्यासाठी आणि रडणारं बाळ शांत करण्यासाठी. झोपेसाठी सपाट, टणक अंथरूण, आणि बाळ पाठीवर. झोक्यात डोळा लागला तर उचलून सपाट जागी ठेवायचं.

कारण सांगते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं. मानेचे स्नायू मात्र ते डोकं धरायला तीन-चार महिने घेतात. बसतं केलेल्या किंवा खोलगट जागेत बाळ झोपलं की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते, आणि बारीकशी श्वासनळी दबते. मोठं माणूस अशा वेळी मान हलवून घेईल. दीड महिन्याच्या बाळाला ते जमत नाही. ते रडत नाही, खोकत नाही, धडपडत नाही. शेजारी बसलेल्याला वाटतं किती छान झोपलंय! म्हणून "मी तर बाजूलाच आहे" एवढं पुरत नाही, बाळाच्या हनुवटीकडे नजर हवी. हनुवटी आणि छाती यांच्यात तुझी दोन बोटं मावली पाहिजेत.

ही नुसती पुस्तकातली भीती नाही. अमेरिकेत फिशर-प्राइसचा 'रॉक अँड प्ले' नावाचा तिरका झोपवण्याचा पाळणा होता. ३० हून अधिक बालमृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९ मध्ये साधारण ४७ लाख नग परत मागवले गेले. त्याच कंपनीचे 'स्नुगा' झोके ऑक्टोबर २०२४ मध्ये रिकॉलमध्ये आले, २० लाखांहून जास्त. २०१२ ते २०२२ या काळात एक ते तीन महिन्यांची पाच बाळं त्यांत झोपलेली असताना दगावली होती. बहुतेक घटनांत पट्टा लावलेला नव्हता आणि आत जास्तीचं अंथरूण-पांघरूण घातलेलं होतं. २०२२ च्या कायद्याने तिथे १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं विकायलाच बंदी आली. ताई, तुमचा झोका तिकडूनच आलाय, म्हणून खालचं लेबल वाचून मॉडेलचं नाव लगेच बघा.

झोक्यातला वेळ एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये असं मी घरच्यांना सांगते. डोक्याचा मागचा भाग सतत टेकून चपटा होतो, आणि जागेपणी पालथं पडून मान उचलायचा सराव राहून जातो. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल तर बॅटरीचा झोका सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच.

आता पाळण्यातल्या वस्तू. काळ्या मोहरीची उशी काढा. डोकं गोल व्हावं म्हणून प्रेमाने शिवतात, मला कळतं, पण पहिल्या वर्षात उशीच नको. लोड, मऊ खेळणी, गळ्यातला काळा दोरा, सगळं झोपेच्या जागेतून बाहेर. चिमणाळं खुशाल टांगा, बाळाला ते बघायला फार आवडतं, पण दोरा आखूड आणि हात पोचणार नाही इतकं वर. बाळ हातापायांवर उठायला लागलं की ते काढायचं.

तिवंधा_आजी

मृण्मयी, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने बोलायला मी आले आहे, आणि या परिचारिका ताईंच्याही.

जुन्या नाशकात आमच्या वाड्यात पाळणा माजघराच्या तुळईला असायचा. तिथून स्वयंपाकघर दिसायचं आणि ओटीही. दोरी कुणाच्या ना कुणाच्या हातात असायची. आजेसासूबाई जपमाळ ओढता ओढता पायाने दोरी हलवायच्या आणि बाळाने तोंड वाकडं केलं तरी त्यांना कळायचं. दुपारी पाळण्यात, रात्री आईच्या खोलीत, ही रीत होती. दार लावलेल्या खोलीत पाळण्यात बाळ एकटं, हे आमच्याकडे कधी नव्हतं. आता घरात दोनच माणसं, त्यातलं एक कामावर. मग पाळणा तोच असला तरी राखण तीच कुठे राहिली? सासूबाईंना हे असं सांग, त्यांना पटेल.

झोळीबद्दल. लुगडं सुती आणि न विरलेलं हवं. गुळगुळीत साडीची गाठ सरकते, तिच्या नादी लागू नये. वरच्या बाजूला आडवी काठी घालायचीच, नाहीतर झोळीचं तोंड मिटतं आणि कापड बाळाच्या नाकावर येतं. काठी पक्की बांधायची, निसटून खाली पडता कामा नये. झोळी जमिनीपासून हातभरापेक्षा उंच नको आणि खाली जाड सतरंजी.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, बाळ बाहेर काढलं की झोळी सोडायची किंवा गुंडाळून वर खोचायची. रिकामी झोळी लोंबकळत राहिली की मोठी भावंडं त्यात बसून गरगर फिरकी घेतात. पीळ बसतो आणि कापड गळ्याभोवती आवळतं. अशी पाच-दहा वर्षांची मुलं गेल्याच्या बातम्या मी पेपरात वाचल्या आहेत आणि दर वेळी पोटात कालवलंय. झोळीचा धोका लहानग्यापेक्षा मोठ्याला जास्त, हे कुणी सांगत नाही.

आशाताई_दिंडोरी

आजींच्या शेवटच्या मुद्द्याला हात जोडून अनुमोदन. मी आशा म्हणून काम करते. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. वजन, ताप, दूध यांच्याबरोबर मी आता बाळ कुठे झोपतं तेही बघते.

आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून जोडपी कामाला येतात. बाळ घरी ठेवायला कुणी नसतं, म्हणून झोळी बागेत बांधतात, कधी बांधावरच्या आंब्याला, कधी सरळ मांडवाच्या अँगलला. त्या बायांना "झोळी बांधू नका" म्हणण्यात अर्थ नाही. उन्हात, मुंग्यांत, विंचवात खाली ठेवण्यापेक्षा झोळी बरीच, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. मी एवढंच सांगते : मांडवाच्या तारेला नाही, ती ताणलेली असते आणि जुनी असेल तर गंजलेली. झाडाची जिवंत, मनगटापेक्षा जाड फांदी बघा. आधी स्वतः लोंबकळून बघा. औषध फवारणीच्या दिवशी बाळ बागेत नकोच, दुसऱ्या टोकालाही नको, वाऱ्याने फवारा येतो. आणि काम करताना झोळीकडे पाठ करून रांग धरू नका, तोंड करून धरा.

बागाईतदार इथे वाचत असतील तर त्यांना विनंती. शेडमध्ये एक कोपरा झाडून, सपाट अंथरूण आणि मच्छरदाणी, आणि लक्ष ठेवायला एका बाईची हजेरी लावा. एका माणसाच्या रोजात चार बाळं सांभाळली जातात.

गोदाकाठ

आशाताई, आमच्या निफाडच्या बागेत या छाटणीपासून करतो. शेड आहेच.

एक प्रश्न. थंडीत निफाडला पारा किती उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे. पाळण्यात गोधडी घालायची नाही तर बाळाला ऊब कशी द्यायची?

परिचारिका_नाशिक

अंगावर कपड्यांचे थर द्या : आत सुती, वर लोकरी, पायात मोजे. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, बस. सुटं पांघरूण लाथांनी वर सरकतं आणि तोंडावर येतं. गोधडी बाळाच्या अंगावर घालण्याऐवजी घडी घालून गादीखाली घाला, खालचा गारवा तुटतो. घरात झोपताना टोपरं काढा, ते डोळ्यांवर-नाकावर घसरतं, आणि बाळाला उकडलं तर जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक थर कमी करा.

नवा_बाबा_सिडको

बाजारात स्प्रिंगवाला झोळीचा सेट मिळतो, दाराच्या चौकटीला अडकवायचा. कसा आहे? जागा कमी आहे म्हणून विचारतोय.

सातपूरकर

दादा, दाराच्या चौकटीला नको. चौकट भिंतीत होल्डफास्टवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर, धरलेली असते, वरून ओढ घेण्यासाठी नाही. शिवाय कुणीतरी घाईत दार ढकलणार.

स्प्रिंगचं असं आहे की ती सांगून तुटत नाही. हजारो वेळा ताणली की आतून थकते. म्हणून स्प्रिंगच्या आतून किंवा बाजूने वेगळी दोरी किंवा साखळी हवीच, किंचित ढिली, म्हणजे स्प्रिंग गेली तरी झोळी तिच्यावर अडकेल. ही जादा दोरी नसलेला सेट स्वस्त असला तरी घेऊ नका. स्प्रिंगवर कापडी खोळ चढवा, लहान बोटं आणि केस वेढ्यांत चिमटतात. जागा कमी असेल तर रुंद पायांचा लोखंडी स्टँड बरा, पण फरशीवर डुगडुगला तर वापरू नका.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा मजकूर सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "खरंय, आमच्याकडेही दोरी कुणीतरी धरलेलीच असायची." पाळणा बेडरूममध्ये बीमला लावायचा, दिवसा, नजरेसमोर, असं ठरलं.

दिरांच्या झोक्याचं लेबल बघितलं, स्नुगा नाही. वापरू का? आणि पाळण्याच्या रंगाचं काय करू, बाळं कठडा चावतात ना पुढे?

विहान_आई_गंगापूररोड

मी असाच अमेरिकेतला झोका वापरला आहे. स्नुगा नसला तरी त्या मॉडेलचं पूर्ण नाव सीपीएससी या त्यांच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या साइटवर टाकून बघा. वापरलेल्या वस्तूला रिकॉलचं पत्र येत नाही, ते पहिल्या मालकाला जातं.

लगेच बघायची गोष्ट म्हणजे अ‍ॅडॉप्टर. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. अ‍ॅडॉप्टरवर इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर ठीक, फक्त १२० असेल तर प्लगमध्ये घालूच नका, नुसत्या बॅटरीवर चालवा. वायर बाळाच्या हाताच्या पल्ल्यात नको. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं.

सीट सगळ्यात मागे टेकलेल्या स्थितीत ठेवायची, मान धरेपर्यंत तशीच. वेग सगळ्यात कमी. पट्टा दर वेळी, दोन मिनिटांसाठीही, आणि पायांमधला पट्टाही. मूळ सीटखेरीज बाजूची मऊ गादी विकत घेऊन घालू नका. झोका फक्त जमिनीवर, पलंगावर किंवा टेबलावर कधीच नाही. बाळ आत असताना तो उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा नाही. वजनाची मर्यादा लेबलवर असते, ती गाठण्याआधीच बाळ उठून बसायचा प्रयत्न करू लागलं तर त्याच दिवशी बंद.

रंगाबद्दल : घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरात घासून काढू नका, ती धूळच पोटात जाते. सुताराकडे पाठवा, त्यालाही रंग ओला करून काढायला सांगा.

सातपूरकर

पाळणा सुताराकडे जातोच आहे तर कठड्याच्या गजांमधलं अंतर मोजा. ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर अंग निसटून डोकं अडकतं. मधे एकेक गज वाढवून घ्या. गादी कडेपर्यंत घट्ट बसणारी हवी, बाजूला बोटं जाण्याइतकी फट नको.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

घेते मोजून. शेवटचा प्रश्न. झोळीशिवाय झोपत नाही त्याचं काय करू? सपाट ठेवलं की दोन मिनिटांत डोळे उघडते.

विहान_आई_गंगापूररोड

होतं तसं, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं हेही माहीत आहे. एकदम बंद करू नकोस. झोळीत शांत होऊ दे, पण डोळे जड झाले की, पूर्ण झोप लागायच्या आधी उचल. खाली ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग डोकं. डोकं आधी टेकलं की बाळ दचकतं. एक हात छातीवर तसाच ठेव, दुसऱ्याने हळू थोपट आणि झोळीत जे गुणगुणतेस तेच चालू ठेव. दिवसाच्या पहिल्या झोपेपासून सुरुवात कर, तेव्हा बाळ कमी चिडलेलं असतं.

परिचारिका_नाशिक

बरोबर सांगितलंय. एक जोडते : थकून वैताग आला तर झोके जोरात बसू लागतात, हे चांगल्या घरातही होतं. हलका झोका निराळा आणि डोकं मागे-पुढे हिसकणारा झोका निराळा, त्याने मेंदूला इजा होते. असं वाटलं तर बाळाला सपाट ठेव, सासूबाईंना हाक मार, खोलीबाहेर जा. बाळ पाच मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. आणि कधीही बाळ निळसर, ढिलं किंवा श्वास न घेणारं वाटलं तर तपासत बसू नकोस, १०८.

सातपूरकर

ताई, प्लेट बसवल्यावर पंधरा दिवसांनी चारही बोल्ट एकदा पान्याने तपासायला लावा, मग दर महिन्याला. आणि बाळ हातांवर उठायला किंवा कठडा धरायला लागलं की पाळणा उतरवून माळ्यावर. प्लेट राहू द्या, पुढे झोपाळ्याला कामाला येईल, पण तेव्हा गोणी दोन टांगा.